मदत हवी: लोह-ईडीटीएचा पीक पीएच ९ ला बसतो, दोष इलेक्ट्रोडचा की द्रावणाचा?

नमस्कार मंडळी,

सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (इलेक्ट्रोडचं विभव, म्हणजे व्होल्टेज, पुढे-मागे फिरवून करंट मोजायची पद्धत; करंटचा उंचवटा म्हणजे पीक) हात बसलेलं कोणी इथे असेल तर कृपया पूर्ण वाचा, अडचण बारीकसारीक तपशिलातच आहे.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी लोह-ईडीटीए कॉम्प्लेक्स (ईडीटीए या रेणूने लोहाला धरून ठेवलेलं संयुग) घेतलंय, आणि ते हट्टाने घेतलंय. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाची पानं पिवळी पडली की शेतकरी असं धरून ठेवलेलं, म्हणजे चिलेटेड लोह देतात. पण पीएच चढा असला की ईडीटीए लोहाला धरून ठेवू शकत नाही. कॅल्शियम लोहाची जागा घेतं आणि लोह हायड्रॉक्साइड होऊन बसतं. म्हणून अशा जमिनीत ईडीडीएचए हा लोहाला जास्त घट्ट धरणारा रेणू वापरतात. पाण्यात पीएच चढताना या कॉम्प्लेक्सचं नेमकं काय होतं, हे मला इलेक्ट्रोडवर बघायचं आहे.

आम्लधर्मी बाजूला सगळं छान जुळतं. नुसत्या लोहाचं Fe(३+)/Fe(२+) विभव ०.७७ व्होल्ट. ईडीटीएशी Fe(३+) चा लॉग K (बंध किती घट्ट याचं माप) २५.१, Fe(२+) चा १४.३. फरक १०.८, त्याला ०.०५९ ने गुणलं की ०.६४. म्हणजे कॉम्प्लेक्सचं विभव ०.१३ च्या आसपास यायला हवं. पीएच ५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये मला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या (संपृक्त केसीएल) तुलनेत −०.०९ मिळालं, म्हणजे हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण +०.११. कागदावरचा हिशोब पडद्यावर असा उतरलेला बघून फार आनंद झाला. दोन पीकमधलं अंतरही ७० मिलिव्होल्टच्या आत, एका इलेक्ट्रॉनच्या आदर्श ५९ पासून फार लांब नाही.

पीएच ९ ला (बोरेट बफर, ०.१ मोलर केसीएल, कॉम्प्लेक्स १ मिलिमोलर) मात्र चित्र पालटतं. विभव −०.१९ ला सरकतं, त्याचं मला नवल नाही. साडेसातच्या आसपास कॉम्प्लेक्सवरच्या पाण्याचा प्रोटॉन सुटतो आणि पुढे पीएचच्या प्रत्येक एककामागे ५९ मिलिव्होल्टने विभव उतरायला हवं. गोंधळ करंटचा आहे. क्षपणाचा (इलेक्ट्रॉन घेण्याचा) पीक बसका होतो आणि स्कॅन रेट (विभव फिरवण्याचा वेग) वाढवला की त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडतो. परतीचा ऑक्सिडीकरणाचा पीक त्या मानाने मोठा राहतो. पीकमधलं अंतर ११० च्या पुढे जातं. द्रावणही पिवळसर न राहता तांबूस होतं.

गाइड म्हणतात, लोहाचं हायड्रॉक्साइड इलेक्ट्रोडवर बसतंय. मला ते पटत नाही. त्याच ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर, पुन्हा पॉलिश न करता, फेरिसायनाइड (इलेक्ट्रोड तपासायचं नेहमीचं संयुग) घेतलं तर अंतर ७२ मिलिव्होल्टच येतं. पृष्ठभाग झाकला गेला असता तर तिथेही फरक दिसला असता. ऑक्सिजनही नसावा. नायट्रोजन सोडतेय, स्कॅन चालू असताना द्रावणाच्या वरही ठेवतेय. शिवाय ऑक्सिजन असता तर क्षपणाचा करंट वाढला असता आणि परतीचा पीक गेला असता. इथे उलटं आहे.

माझा संशय असा की दोन हायड्रॉक्सो कॉम्प्लेक्स ऑक्सिजनच्या पुलाने जोडले जाऊन डायमर (जोडरेणू) तयार होतो. तो आधी तुटतो, मग इलेक्ट्रॉन घेतो. तुटण्याची गती मंद असेल तर जलद स्कॅनमध्ये क्षपण मागे पडणारच. तांबूस रंगही त्याकडेच बोट दाखवतो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

मला हे सांगा. डायमर असेल तर द्रावण विरळ केल्यावर पीक पुन्हा साधा व्हायला हवा, पण ०.१ मिलिमोलरला पीक पार्श्वभूमीच्या करंटमध्ये बुडतो. अशा वेळी डिफरन्शियल पल्स ही जास्त संवेदनशील पद्धत वापरून स्कॅन रेटचा अभ्यास सोडून द्यायचा, की ०.३ मिलिमोलरच्या आसपास थांबून सायक्लिकच करायचं? बोरेट स्वतः लोहाशी जुळून गोंधळ घालतं का, आणि त्यासाठी दुसरा बफर घ्यावा का? आणि द्रावणाच्या रोधामुळे वाढलेलं पीकमधलं अंतर वेगळं काढायला तुम्ही काय करता, केसीएल वाढवता की पोटेन्शिओस्टॅटमधली (विभव फिरवणाऱ्या यंत्रातली) दुरुस्ती लावता? ४७० नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर डायमरचं प्रमाण मोजून ते करंटशी पडताळता येईल असं वाटतं. कोणी हे करून पाहिलं असेल तर कोणत्या तीव्रतेला केलं तेही लिहा.

पोटेन्शिओस्टॅट पुढच्या आठवड्यात मिळणार आहे. त्याआधी कळलं तर त्याप्रमाणे द्रावणं करून ठेवेन.