मदत हवी आहे: रंगीत खाण्यावर गाजर-इसबगोलाचा उतारा चालतो का?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला राहते. लेक सात वर्षांचा, दुसरीत. परवा आयर्विन पुलाजवळ त्याने एक काला खट्टा आणि एक निळा असे दोन गोळे हाणले. जीभ जांभळी, ओठ निळे, शर्टाच्या बाहीवरचा डाग अजून निघालेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातून हाक, "आई, हिरवी शी!" माझी पाचावर धारण बसली.

सासूबाईंनी लगेच बीट-गाजराचा रस सुरू केला. म्हणे रंग धुऊन निघतो. संध्याकाळी लघवी लालसर! रक्त समजून स्कूटरवरून डॉक्टरांकडे पळालो. ते हसायला लागले. लाल ते बिटाचं. हिरवं ते गोळ्यातल्या निळ्याचं, तो रंग अंगात फारसा शोषला जात नाही, आला तसा जातो.

इथे विषय मिटला असता, पण वर्गाच्या बाई दिवाळीपासून सांगतायत की हा एका जागी बसत नाही. या रंगांमुळे तर नसेल? आणि वर्गात आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस, म्हणजे लाल-पिवळ्या गोळ्या आल्याच. रात्री शोधत बसले तर हे सापडलं: १९७० च्या दशकात अमेरिकेत उंदरांना तंतू (फायबर) नसलेल्या खाण्यात ५ टक्के टारट्राझिन किंवा सनसेट यलो हे खाण्याचे कृत्रिम रंग मिसळून दिले. त्यांची वाढ खुंटली, बरेच मेले. त्याच खाण्यात गाजराची पूड किंवा इसबगोल घातल्यावर मात्र तगले. म्हणजे सासूबाई बरोबर की काय? इसबगोल द्यावं का, आणि किती?

कऱ्हाडचा_काका:
ताई, ५ टक्के म्हणजे किलोला ५० ग्रॅम. आपल्याकडे बहुतेक पदार्थांत किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पाचशे पट फरक झाला की! शिवाय त्या उंदरांच्या पोटात तंतू जाऊच दिले नव्हते. तुमचं पोरगं भाकरी, मटकीची उसळ खात असेल तर निम्मं काम तिथंच झालं. गाजर द्या, पण चावून खाऊ दे, रस कशाला? चोथ्यातच तर तंतू असतात.
मर्यादेचं मात्र फार मनावर घेऊ नका. मी पूर्वी एका बेकरीत होतो. वजन कोण करतंय, चिमटीनं टाकायचो. रंग फिका दिसला की अजून एक चिमूट.

मिरजेची_सुगरण:
इसबगोल स्वतःच्या मनाने अजिबात नको गं. पाणी कमी पडलं तर घशात फुगून बसतं. द्यायचंच तर डॉक्टरांना विचारून.
चुळबुळीचं म्हणशील तर २००७ मध्ये इंग्लंडात साउथॅम्प्टनला ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला होता. रंग आणि सोडियम बेन्झोएट (टिकवण्यासाठी घालतात ते) घातलेलं सरबत दिल्यावर काहींची चुळबुळ वाढली, सगळ्यांची नाही. त्यातले रंग घातलेल्या खाऊच्या पाकिटांवर युरोपात २०१० पासून इशारा छापावा लागतो. आपल्या पाकिटांवर मागच्या बाजूला १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे बघ, त्यातलेच आहेत. महिनाभर बंद करून वहीत लिहून ठेव. आणि बाईंना सांगू नकोस बंद केलंय म्हणून. सांगितलंस की त्यांना तो लगेच शांत दिसायला लागेल.

धागाकर्ती:
काका, सुगरणताई, खूप आभार. बाईंना न सांगायचं हे मला सुचलंच नसतं. इसबगोल रद्द. सासूबाईंना पाचशे पटीचं गणित सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे, उरलेल्या गाजरांचा हलवा करते."
काल पुलाजवळ बिनरंगाचा गोळा मागितला. गोळेवाला म्हणाला, "ताई, मग नुसता बर्फच घ्या की." शेवटी पिशवीतली कोकम सरबताची बाटली काढून दिली, ती त्यानं वर ओतली. पैसे पूर्ण घेतले.