मदत हवी आहे: उजनी धरणाच्या पाण्याची तपासणी कुठे करून मिळेल?

नमस्कार मंडळी. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून कारखान्यांचं नि शहरांचं सांडपाणी भीमेत येतं आणि शेवटी इथंच साचतं. यंदा काठाचं पाणी हिरवंगार, दाट झालंय. हात घातला की बोटांना साय चिकटते, मग खाज सुटते. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, रात्री तेच पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. परवा पहाटे चिलापी मासळी मरून काठाला लागली होती. हेच पाणी सोलापूर शहर पितं हो!

बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप), विरघळलेला प्राणवायू, फॉस्फेट तपासायला नमुना कशात नि किती वाजता घ्यावा? सोलापुरात कुठल्या प्रयोगशाळेत द्यावा, खर्च किती येईल? कुणी केलं असेल तर कृपया सांगा. वर्गणी काढायला गाव तयार आहे.