सनद, ज्युनियरशिप की कंपनी? आर्यासाठी सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मीनल, बी-604 | सायं. 7:42
नमस्कार मंडळी. आर्याचा एलएलबीचा शेवटचा निकाल लागला, पास झाली. आता पुढचं काही ठरत नाहीये. एका कंपनीत लीगल एक्झिक्युटिव्हची जागा आहे, पगार बरा आहे. कोर्टात ज्युनियरशिप केली तर सुरुवातीला हातात फारसं पडत नाही म्हणतात. पण पुढे जजची परीक्षा द्यायची तिच्या मनात आहे. ग्रुपवर तुम्ही दोघं-तिघं याच क्षेत्रातले आहात, म्हणून इथेच विचारते.

शिरीष, ए-201 | 7:55
मीनलताई, आर्याचं मनापासून अभिनंदन. जजची परीक्षा मनात असेल तर कंपनीला होकार कळवायच्या आधी एक गोष्ट बघा. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान 3 वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्याआधी आपल्याकडे चांगले गुण असलेले ताजे पदवीधरही एमपीएससीच्या या परीक्षेला बसत होते. ही 3 वर्षं तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, तारखेपासून मोजली जातात, एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे सनदेचा अर्ज जितका लांबेल तितकी ती परीक्षा लांबणार.

शिरीष, ए-201 | 7:58
आणि पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवावी लागते. तसं कळवून सनद स्थगित करायची असते. तो काळ या 3 वर्षांत धरता येत नाही. कंपनीतली नोकरी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण तिथली 2 वर्षं वकिलीचीही मोजली जातील असं मनात धरून चाललात, तर पुढे फार त्रास होईल.

मीनल, बी-604 | 8:01
अरे बापरे. आम्ही तर आधी 2 वर्षं नोकरी, मग परीक्षा असंच धरून चाललो होतो.

स्नेहा, सी-303 | 8:06
मीनलताई, बरेच जण हेच धरून चालतात, कारण नोकरी देणारी कंपनी हे सांगत नाही. आमच्या लीगल विभागात मी मुलाखती घेते. सनद चालू ठेवून पगारावर रुजू होऊ का, असं उमेदवार सर्रास विचारतात. नाही होता येत. लॉ फर्म किंवा वकिलाच्या चेंबरमध्ये असोसिएट म्हणून काम करणं वेगळं, तिथे ती वकीलच राहते. म्हणून ऑफर लेटरमध्ये पगार लिहिलाय की व्यावसायिक फी, ते बघायचं. पीएफ कापणार असतील तर तो पगार. रिटेनर म्हणून 10 टक्के टीडीएस कापणार असतील तर ती फी, आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो टीडीएस परत मिळतो. तो भरायला मात्र मुलं विसरतात.

आर्या, बी-604 | 8:10
शिरीषकाका, स्नेहाताई, मी आर्या. आईच्या ग्रुपवर मलाही ॲड केलंय. सनदेला खर्च किती येतो? कोणी 15,000 सांगतं, कोणी 25,000.

शिरीष, ए-201 | 8:17
बरं झालं तूच आलीस. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 24 प्रमाणे नोंदणी फी एकूण 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना 125. यावर स्टॅम्प ड्युटी लागू असेल तेवढीच. दुसऱ्या कुठल्याही नावाने जादा रक्कम नोंदणीची अट म्हणून घेता येत नाही. एजंट आतून करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नकोस, अर्ज स्वतः भर.
अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावापायी. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर दुसरं, एलएलबीच्या एखाद्या मार्कशीटवर स्पेलिंग तिसरंच. आज रात्रीच सगळे कागद एका ओळीत मांड आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक दिसला तर आधी विद्यापीठातून दुरुस्ती करून घे, अर्ज त्यानंतर.

आर्या, बी-604 | 8:20
आणि एआयबीई?

शिरीष, ए-201 | 8:24
तात्पुरती सनद मिळाल्यापासून 2 वर्षांत पास व्हायची. 100 बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. खुल्या आणि ओबीसी गटाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तकं, आत नेता येतात, पण टिपा, भाष्य काही नको, अगदी कोरे. गाईड पाठ करण्यापेक्षा कोणतं कलम बेअर ॲक्टच्या कोणत्या प्रकरणात आहे हे बोटावर असलं पाहिजे. मुलं वेळ घालवतात ती तिथेच, पानं चाळण्यात.

निखिल, बी-102 | 8:31
लॉ फर्मच्या बाजूने सांगतो. आर्या, सीव्ही झालाय का? इंटर्नशिपच्या भागातल्या दोन ओळी इथे टाक ना.

आर्या, बी-604 | 8:34
“विविध कायदेशीर विषयांवर संशोधन केले. मसुदे तयार करण्यात वरिष्ठांना सहाय्य केले. कोर्टाच्या कामकाजाचे निरीक्षण केले.”

निखिल, बी-102 | 8:43
या तीन ओळी माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक सीव्हीत असतात. त्यामुळे वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. काय केलं, किती केलं, पुढे त्याचं काय झालं, हे लिही. समज, “चेक बाउन्सच्या 6 तक्रारींचे मसुदे, त्यातल्या 4 दाखल. भाडेकरू खाली करण्याच्या दाव्यात 11 निकालांचं टिपण. 30 वर्षांच्या टायटल सर्चसाठी इंडेक्स 2 चे उतारे काढले.” आकडे खरेच हवेत, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि सगळं एका पानात. फोटो नको, धर्म-जात नको, कॉलेजमधल्या मूट कोर्टांची (लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धांची) लांबण नको. बक्षीस मिळालेलं एखादं मूट पुरे.

निखिल, बी-102 | 8:47
ईमेलच्या विषयात “अर्ज” एवढंच नको. पद, महिना, तुझं नाव. फाइलचं नाव “आर्या_सीव्ही”, नाहीतर “फायनल_न्यू_3” येतं. 40 फर्मना एकाच मेलमध्ये टाकायचं नाही, सगळ्यांना सगळे पत्ते दिसतात आणि मेल थेट डिलीट होतो. दर फर्मसाठी तीन ओळी वेगळ्या लिही. ती फर्म कोणती कामं करते आणि तुझ्या हातून त्यातलं काय होऊ शकतं, बस. एक लेखन नमुनाही जोड, 3-4 पानांचा.

स्नेहा, सी-303 | 8:52
नमुन्याबद्दल कळकळीची विनंती. इंटर्नशिपमधला खरा मसुदा पक्षकाराच्या नावासकट जोडू नकोस. नावं, पत्ते, सर्व्हे नंबर, रकमा सगळं बदल. दुसऱ्याच्या अशिलाचे कागद मला पाठवणारी मुलगी उद्या माझे कागद तिसऱ्याला पाठवेल, हाच विचार पहिल्यांदा मनात येतो. मग बाकीचा सीव्ही कितीही चांगला असो.

गजानन, डी-402 | 8:58
आपण सगळे मिळून तिचं नाव फॉरवर्ड करू या ना. “ॲड. आर्या, पहिला सल्ला मोफत” असं चांगलं डिझाइन करून आजूबाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकतो.

शिरीष, ए-201 | 9:02
गजाननराव, भावना चांगली आहे, पण कृपा करून हे करू नका. नियम 36 प्रमाणे वकिलाला काम मागणारी जाहिरात करता येत नाही, दुसऱ्याकडून करवूनही घेता येत नाही. तक्रार झाली तर शिस्तभंगाची कारवाई तिच्यावर. शिक्षण, कामाचं क्षेत्र, लिहिलेले लेख लिंक्डइनवर असायला हरकत नाही. “संपर्क साधा, मोफत सल्ला” हे नको.

गजानन, डी-402 | 9:03
बरं झालं सांगितलंत. डिलीट केलं.

आर्या, बी-604 | 9:08
काका, मग चेंबर शोधायचं कसं? ओळखीशिवाय सिनियर घेतात का?

शिरीष, ए-201 | 9:21
घेतात. फक्त जायचं कसं ते नीट ठरव. तुला ज्या प्रकारचं काम आवडतं त्यात उभं कोण राहतं ते आधी बघ. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर रोजची कॉज लिस्ट, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, असते, प्रकरण उघडलं की वकिलांची नावं दिसतात. शिवाजीनगर कोर्टात 8 दिवस नुसतं मागच्या बाकावर बसलीस तरी कोण तयारीने येतं आणि कोण नुसती तारीख मागतं हे कळेल. चेंबरला संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान जा. सकाळी साडेदहाला बोर्ड सुरू व्हायच्या गडबडीत कोणी बोलणार नाही. मे महिन्यात तर जाऊच नकोस, कोर्टाला सुट्टी असते.

शिरीष, ए-201 | 9:33
भेटीत बहुधा एखादी छोटी फाइल हातात देतील. कलम 138 ची, म्हणजे चेक बाउन्सचीच म्हणू. चेक, बँकेचा रिटर्न मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती. गोष्ट लिहू नकोस, तारखांची यादी कर. मेमो मिळाला 5 मार्चला, तर नोटीस 30 दिवसांत, म्हणजे 4 एप्रिलपर्यंत निघायला हवी. समोरच्याला नोटीस मिळाली 10 एप्रिलला. पैसे द्यायला त्याचे 15 दिवस 25 एप्रिलला संपतात. तक्रारीचं कारण घडतं 26 ला, तिथून एक महिना, म्हणजे तक्रार 26 मेपर्यंत.
यात दोन चुका होतात. एक, घाईने 24 एप्रिललाच तक्रार दाखल करणं. 15 दिवस पुरे व्हायच्या आत केलेली तक्रार टिकत नाही. दुसरी, नोटीस पाठवल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख यांची गल्लत. पोस्टाचा ट्रॅकिंग रिपोर्ट फाइलला आहे का, हे तू आपणहून विचारलंस की सिनियर मान वर करून बघतील.

निखिल, बी-102 | 9:36
काकांनी सांगितलेली ही यादी फर्मच्या चाचणीतही चालते. फक्त तिथे दावा व्यापारी (कमर्शियल) असतो आणि प्रश्न कैफियतीचा, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या मुदतीचा. साध्या दाव्यात 30 दिवस, वाढवून 90 पर्यंत. कमर्शियल दाव्यात 120 ही शेवटची मर्यादा, त्यानंतर कैफियत रेकॉर्डवर घेत नाहीत. एवढं पाठ असू दे.

मीनल, बी-604 | 9:40
आणि पैशांचं कसं विचारायचं? तिला संकोच वाटतो.

शिरीष, ए-201 | 9:52
संकोच नको. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि पुष्कळ चेंबर्स त्याहून कमी देतात. ज्युनियरला फुकट राबवून घेणं मला मुळीच पटत नाही. गावाकडून आलेली, भाड्याने राहणारी मुलं त्यापायीच वकिली सोडतात. म्हणून आर्या, पहिल्या भेटीतच सरळ विचार, “सर, स्टायपेंड किती आणि कोणत्या तारखेला?”
आणखी एक विचारायचंच. वकीलपत्रावर तुझं नाव घालणार का? हे स्टायपेंडइतकंच महत्त्वाचं. 3 वर्षांच्या वकिलीचा दाखला मुख्य न्यायिक अधिकारी देतात, किंवा 10 वर्षं वकिली झालेले वकील देतात आणि त्यावर त्या अधिकाऱ्यांचं शेरांकन लागतं. नाव कुठे नसेल तर दाखला कशाच्या आधारावर देणार? पहिल्या दिवसापासून वही घाल. तारीख, कोर्ट, प्रकरणाचा सीएनआर नंबर, रोजनाम्यात नाव आलं का, काय काम केलं. सीएनआर 16 अंकी-अक्षरी असतो, त्यावरून पुढे कधीही प्रकरण उघडून बघता येतं.

सुजाता, ए-503 | 9:55
मध्येच विचारते. माझा भाचा सांगलीला असतो, तोही यंदाच वकील झाला. त्याने पुण्या-मुंबईला यावं का?

शिरीष, ए-201 | 10:01
सुजाताताई, त्याला म्हणावं आधी कोल्हापूर बघ. 18 ऑगस्ट 2025 पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात येतात. हायकोर्टाचं काम घराजवळ आलंय. जिल्ह्यातले जे वकील तिथे जायला लागलेत त्यांना फायलिंग, बोर्ड, नकला सांभाळणारी माणसं हवीच असतात. टायपिंग मराठी-इंग्रजी दोन्ही येत असेल तर उत्तमच. 7/12, फेरफार वाचता येणं हा तर त्याचा मोठा फायदा, शहरातल्या मुलांना ते येत नाही.

स्नेहा, सी-303 | 10:09
ज्यांना कंपनीतच जायचंय त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. मुलाखतीत आम्ही 4 पानांचा गोपनीयतेचा करार देतो आणि 40 मिनिटांत चुका काढायला सांगतो. मुलं व्याकरण दुरुस्त करत बसतात. बघायचं असतं ते हे: गोपनीय माहितीची व्याख्या इतकी मोकळी आहे का की सगळंच त्यात येईल, मुदत किती, करार संपल्यावर माहिती परत करायची की नष्ट, लवादाचं सीट (कोणत्या ठिकाणच्या कोर्टाचा अधिकार) आणि व्हेन्यू (बैठकीची जागा) वेगळं लिहिलंय का, आणि स्टॅम्प. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात 100 रुपयांच्या जागी 500 चा स्टॅम्प लागतो, जुन्या नमुन्यांत 100 तसाच राहिलेला असतो. तो कोणी पकडला की खरंच समाधान वाटतं.
वैयक्तिक डेटाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, कामगार संहिताही त्याच महिन्यात लागू झाल्या. यांची दोन-दोन पानांची टिपणं स्वतः करून ठेवली तर अनुभव नसलेल्या उमेदवारालाही बोलायला काही असतं.

निखिल, बी-102 | 10:13
सरकारी बँकांच्या लॉ ऑफिसर पदासाठी आयबीपीएसची परीक्षा असते. तिथे एलएलबीसोबत सनद लागते, वय 20 ते 30. त्यामुळे बँक डोक्यात असली तरी आधी सनद. आणि आर्या, सुप्रीम कोर्टाच्या लॉ क्लर्कच्या, म्हणजे न्यायमूर्तींना संशोधनात मदत करणाऱ्याच्या, जाहिरातीवर लक्ष ठेव. लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. मे 2025 च्या त्याच निकालाप्रमाणे लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम 3 वर्षांत धरलं जातं, आणि दरमहा ठरलेलं मानधन मिळतं. तुझ्या दोन्ही अडचणी त्यात सुटतात.

आर्या, बी-604 | 10:16
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. “आधी पैसे भरा, मग इंटर्नशिपचं सर्टिफिकेट” असे मेसेज येतात, त्यांचं काय करू?

निखिल, बी-102 | 10:18
ब्लॉक. पैसे देऊन घेतलेलं सर्टिफिकेट सीव्हीवर दिसलं की उलट शंका येते.

मीनल, बी-604 | 10:24
कागद टेबलावर मांडलेत. एलएलबीच्या चौथ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी आहे.

शिरीष, ए-201 | 10:27
मग उद्या सकाळी पहिलं काम तेच. कॉलेजच्या ऑफिसातून दुरुस्तीचा फॉर्म घे, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का, सोबत दहावीच्या सर्टिफिकेटची साक्षांकित प्रत. विद्यापीठात दिल्यावर पोच घ्यायला विसरू नकोस. कंपनीला तोवर नाही म्हणू नकोस, विचार करायला 8 दिवस माग. शनिवारी संध्याकाळी सहाला माझ्याकडे ये, सीव्ही आणि 138 चा एक मसुदा घेऊन. नावं बदललेली हवीत.

आर्या, बी-604 | 10:28
हो काका, येते. तारखांची यादी वेगळ्या पानावर करून आणते.