दोन्ही प्लॉटमध्ये २०-२० प्रजाती, मग विविधता सारखीच धरायची का?

पानगळ: प्रोजेक्टसाठी झाडं मोजतोय. दोन प्लॉट, दोन्हीत २० प्रजाती, पण याद्या शेजारी ठेवल्या तर कॉमन फक्त ५!! आता 'दोन्हीकडे विविधता सारखी' असं लिहिलं तर खोटं वाटतंय, आणि न लिहावं तर आकडा तर तोच आहे. शिवाय हा जो टर्नओव्हर म्हणतात, म्हणजे एका प्रजातीच्या जागी दुसरी येणं, तो जंगल काय नि समुद्र काय, सगळीकडे सारखाच असतो का?

शेवाळं: दोन गोष्टी एकात कालवल्यास. एका प्लॉटमधली विविधता ती अल्फा, सगळे प्लॉट मिळून ती गॅमा, आणि प्लॉट बदलला की यादी किती बदलते ती बीटा. व्हिटेकर या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलेला हिशोब सोपाय, गॅमा भागिले सरासरी अल्फा. तुझ्या एकूण प्रजाती ३५, म्हणून ३५ भागिले २०, १.७५. दोन प्लॉट असले की हा आकडा १ ते २ मध्येच राहतो, १ म्हणजे यादी तीच, २ म्हणजे एकही कॉमन नाही. तुझे प्लॉट चांगलेच वेगळे आहेत.

तिरका_खेकडा: बरोबर, पण बीटा जास्त म्हणून टर्नओव्हर जास्त असं डोळे झाकून लिहू नको. समज दुसऱ्या प्लॉटमध्ये ५च प्रजाती असत्या आणि त्या पाचही पहिल्यातल्याच, तर जॅकार्डने (म्हणजे एकूण प्रजातींपैकी कॉमन नसलेल्यांचा वाटा) फरक ०.७५ आला असता. तुझा येतो ०.८६. आकडे जवळजवळचे, पण तिथे अदलाबदल शून्य, नुसती गळती, त्याला नेस्टेडनेस म्हणतात. बासेल्गा नावाच्या संशोधकाने २०१० मध्ये हे दोन भाग वेगळे काढायची रीत दिली. फरक पडतो बाबा, कारण गळती असेल तर भरलेला प्लॉट वाचवून बऱ्यापैकी भागतं, अदलाबदल असेल तर दोन्ही वाचवावे लागतात.

शेवाळं: हो, हे मी खाल्लंच. आणि सगळीकडे सारखा तर अजिबात नसतो. २००२ मध्ये पनामा आणि पश्चिम अ‍ॅमेझॉनच्या झाडांची तुलना झाली, दोन्ही उष्ण कटिबंधातली दाट जंगलं, तरी पनामात थोड्या अंतरावर यादी बदलते आणि अ‍ॅमेझॉनमध्ये लांब लांब गेलं तरी बरीचशी तीच झाडं. पनामात पाऊस आणि जमीन पटापट बदलते म्हणून. काळाप्रमाणे बघायचं तर २०१४ मध्ये १०० दीर्घकालीन नोंदी तपासल्या गेल्या, प्रजातींची संख्या सरसकट घटलेली नव्हती, पण कोण आहे ते मात्र अपेक्षेपेक्षा जास्त बदललेलं. नंतरच्या मोठ्या तुलनेत ही अदलाबदल जमिनीपेक्षा समुद्रात जास्त वेगाने दिसली. म्हणून नुसता आकडा छापणाऱ्या रिपोर्टवर माझा विश्वास बसत नाही.

तिरका_खेकडा: अजून एक, दोन्ही प्लॉट सारख्या आकाराचे होते ना? दुर्मीळ झाडं मोजणीतून सुटली की टर्नओव्हर उगाच फुगतो.

पानगळ: आकार सारखा, पण पहिला पानगळीआधी मोजला आणि दुसरा पानं झडल्यावर, नुसत्या सालीवरून ओळखत 🤦 पुन्हा जातो.