मदत हवी आहे: बेंतोच्या (जपानी जेवणाच्या) डब्यात पोळी-भाजीचं माप कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

मी तोक्योत निशी-कासाईला राहतो. वय ४४, काम दिवसभर खुर्चीत बसून. गेल्या महिन्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीचा अहवाल आला: कमरेचा घेर ९१ सेंमी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज) ५.९. जपानात २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांसाठी ही तपासणी सुरू आहे, सगळे तिला ‘मेताबो’ म्हणूनच ओळखतात. पुरुषांच्या कमरेची मर्यादा ८५ सेंमी आणि बायकांची ९०. घेर त्यापुढे गेला आणि जोडीला एचबीए१सी ५.६ किंवा जास्त निघालं, की मार्गदर्शनाला बोलावणं येतं. तसं मलाही आलं. माझ्या वडिलांना मधुमेह होता. पायाच्या जखमेनं त्यांची शेवटची दोन वर्षं कशी गेली ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे ५.९ हा आकडा वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्गदर्शनाला ज्या होकेन्शी, म्हणजे आरोग्य-परिचारिका होत्या, त्यांनी ‘हे बंद करा, ते बंद करा’ असं काहीच सांगितलं नाही. म्हणाल्या, आधी डबा बदला. कागदावर एक चौकोन काढला आणि मधोमध रेघ मारली. अर्ध्या भागात भात. उरलेल्या अर्ध्याचे तीन वाटे, त्यातला एक प्रथिनांचा आणि दोन भाज्यांचे. म्हणजे ३:१:२. कागावा पोषण विद्यापीठाच्या प्राध्यापक आदाची मियुकी यांनी मांडलेली ही पद्धत इथे बऱ्याच जणांना माहीत असते. तिची गंमत अशी की वजनकाटा लागत नाही. या प्रमाणात डबा गच्च भरला, तर तो जितक्या मिलीचा तितक्याच साधारण कॅलरी त्यात बसतात. डब्याच्या तळाला किंवा वेष्टनावर मिली छापलेले असतात. मला त्यांनी ७०० मिलीचा दोन मजली डबा घ्यायला सांगितला, खालचा मजला ३५० आणि वरचा ३५०.

डबा आणला. पहिल्या दिवशी खालच्या मजल्यात इथला चिकट भात भरून वजन केलं तर २२० ग्रॅम निघालं. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला १५६ कॅलरी धरल्या तर सुमारे ३४० होतात. म्हणजे नियम अगदी बरोबर उतरला, आणि मला खूप हुरूप आला.

दुसऱ्या दिवशी त्याच मजल्यात पोळ्या घातल्या. घडी करून, दाबून चार बसल्या. माझी एक पोळी ४० ग्रॅम कोरड्या कणकेची, वर चमचाभर तेल. हिशेब केला तर एका पोळीच्या जवळपास १७५ कॅलरी होतात आणि चारांच्या ७००! नुसत्या खालच्या मजल्यात अख्ख्या डब्याची भरती. वरचा मजला अजून उघडायचाच होता.

इथेच अडलोय. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आठवड्यातून तीन दिवस तरी पोळी हवीच, नुसत्या भातावर माझं जेवण झालंसं वाटत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पोळी नेली तर माप कसं धरायचं? ‘१’च्या जागी काय घालायचं, कारण वरण-आमटी या डब्यातून गळते आणि पनीर इथे बरंच महाग पडतं? आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते. या पद्धतीत तळलेला किंवा तेलकट पदार्थ डब्यात एकच असावा असं सांगतात. आपल्याकडे तर भाजीला फोडणी, उसळीला फोडणी, कोशिंबिरीलासुद्धा फोडणी. मग एकच कसा ठेवू?

कुणी हे प्रत्यक्ष करत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १ (नागोयाहून)

दादा, तुमचं वाचून लिहायला बसले. मी इथे १४ वर्षं आहे. मला डब्याचं माप कळलं ते मुलगा योचिएनला, म्हणजे बालवाडीत, जायला लागला तेव्हा. त्याचा डबा जेमतेम ३०० मिलीचा होता. मी त्यात पराठा कोंबायचे आणि तो निम्मा परत यायचा. एक दिवस त्याच्या शिक्षिकेनं फार हळुवारपणे सांगितलं, “त्याला डबा संपवल्याचा आनंद मिळू द्या.” ते वाक्य आजही लक्षात आहे. डबा रिकामा होणं हेही जेवणाचं समाधान असतं, हे मला तोवर उमगलंच नव्हतं.

पोळीबद्दल सांगते. तिथे मिली विसरा. मिलीचा नियम पाणी पिऊन फुगलेल्या भातासाठी आहे. पोळी कोरडी आणि दाट असते, थोड्या जागेत पुष्कळ मावते. पोळीच्या दिवशी कोरडी कणीक मोजा. २५ ग्रॅम कणकेचा बिनतेलाचा फुलका सुमारे ८५ कॅलरींचा होतो, म्हणजे तीन फुलके घेतले तरी तुमच्या भातापेक्षा कमीच भरतात. राहिलेल्या जागेत कोबी किंवा काकडी भरा. जागा मोकळी सोडू नका, नाहीतर स्टेशनवर पोचेपर्यंत डब्यात सगळा काला होतो.

‘१’च्या जागेसाठी कोयादोफू आणा. गोठवून वाळवलेला तोफू, जवळजवळ निम्मं वजन प्रथिनांचं. एक वडी साडेसोळा ग्रॅमची असते, तिच्यात आठेक ग्रॅम प्रथिनं. कोमट पाण्यात भिजवायचा, घट्ट पिळायचा आणि कुस्करून कांदा-टोमॅटोवर परतायचा. पनीर भुर्जीची आठवण येते. शिवाय भाजीचं सुटलेलं पाणी तो शोषून घेतो, डबा गळत नाही. एक काळजी घ्या: काही पाकिटांत सोबत दाशीची (जपानी रश्श्याची) पूड असते आणि तिच्यात मासा असतो. साधा कोयादोफू बघून घ्या. बाहेरच्या तयार हिजिकी (समुद्री शेवाळाची भाजी), किन्पिरा (परतलेली कंदमुळं) अशा पदार्थांतही बहुतेक वेळा काट्सुओबुशी, म्हणजे सुक्या माशाचा कीस, असते, म्हणून ते घरीच कोम्बू (समुद्री शेवाळ) किंवा सुक्या शिताके मशरूमच्या पाण्यात करा.

प्रतिसाद २ (पुण्याहून, आहारतज्ज्ञ)

तुम्ही वेळेत लक्ष घातलंत हे फार बरं केलंत. ५.९ म्हणजे अजून मधुमेह नाही. निदानाची रेषा साडेसहाची आहे, आणि इथून मागे फिरता येतं.

दोन गोष्टी सांगते. ३:१:२ ही निरोगी माणसाच्या रोजच्या जेवणाची मांडणी आहे. तुमच्या बाबतीत धान्याचा वाटा थोडा कमी करून भाजीचा वाढवायचा का, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मनानं भात निम्म्यावर आणू नका. दुपारी अर्धपोटी राहिलेला माणूस चारला बिस्किटांचा पुडा उघडतो, हे मी रोज बघते. (कुणी मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जेवण कमी करूच नये, कारण साखर एकदम उतरू शकते.) भातात मोचीमुगी मिसळता येईल, जपानच्या दुकानात ती सहज मिळते. जव असल्यामुळे तंतू चांगले असतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

वरण सोडायची काहीच गरज नाही. ३०० मिलीचा सूप जार (थर्माससारखा घट्ट झाकणाचा डबा) घ्या. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीचं वरण म्हणजे शंभरेक कॅलरी आणि सातेक ग्रॅम प्रथिनं. फक्त त्या दिवशी ते ‘१’ मध्ये धरा, डब्यावर वाढीव म्हणून नको.

प्रतिसाद ३ (योकोहामाहून)

फोडणीच्या प्रश्नावर आमच्या घरातला उपाय सांगतो. आम्ही डब्यात फोडणी एकालाच देतो, आणि ती कशाला द्यायची ते आदल्या रात्री ठरतं. उसळीला दिली तर पालक नुसता उकळत्या पाण्यातून काढून पिळायचा आणि त्यावर भरडलेले तीळ व चार थेंब सोया सॉस. इथले लोक त्याला गोमाआए म्हणतात. चव घेतलीत तर दाण्याचं कूट घातलेल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण वाटेल. गाजर-काकडीला लिंबू आणि मीठ पुरतं.

आणि तेल डोळ्यांनी मोजू नका. आम्ही फोडणीआधी आणि नंतर तेलाची बाटली काट्यावर ठेवली. दोन माणसांच्या एका भाजीत ३० ग्रॅम तेल गेलं होतं, म्हणजे २७० कॅलरी. बायको आणि मी, दोघंही गप्प झालो. आता चमचा लावूनच घालतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

फुलके तीन, कणीक मोजून. पहिले चार दिवस कडक झाले, मग गरम असतानाच कापडात गुंडाळायला लागलो आणि मऊ राहू लागले. कोयादोफूची भुर्जी आवडली, झुणक्यासारखा कोरडा करून तर जास्तच. वरणाचा जार मंगळवारी आणि शुक्रवारी. तेलाची बाटली मीही काट्यावर ठेवली. तो आकडा इथे लिहीत नाही, पण आता घरात छोटा चमचा बरणीलाच बांधलाय.

चारची भूक पहिले दोन आठवडे फार छळायची. मूठभर उकडलेले एदामामे (कोवळे हिरवे सोयाबीन) नेऊ लागल्यापासून आटोक्यात आहे. वजन १.४ किलो उतरलं, कमर ८९. एचबीए१सी तीन महिन्यांनी कळेल.

एक शेवटचं विचारतो. आता त्सुयू (इथला पावसाळा) लागेल, हवा दमट होईल. उसळीत आई घालायची तसं ओलं खोबरं घालतो, ते चालेल का? ऑफिसात फ्रिज आहे, पण प्रवास सव्वा तासाचा.

प्रतिसाद १ (नागोयाहून)

ओलं खोबरं सप्टेंबर संपेपर्यंत बंद ठेवा, सुकं भाजून घाला. भात किंवा उसळ वाफ पूर्ण जिरेपर्यंत उघडी ठेवून मगच झाकण लावा. घाईत गरम भरलं तर झाकणाला पाणी धरतं आणि तिथूनच अन्न बिघडायला लागतं. मी पंख्यासमोर ताट धरते, दहा मिनिटांत काम होतं. वर बर्फाची छोटी पिशवी बांधा. आइस्क्रीम घेताना दुकानात फुकट देतात ती जपून ठेवलीत तरी पुरते. आणि तीन महिन्यांनी आकडा आला की इथे नक्की लिहा.