एचओ मापात बोरघाट: कातळ, खडी, धबधबा

डोंबिवली_फास्ट:
मॉडेल रेल्वेसाठी एचओ, म्हणजे १:८७ मापात बोरघाटातल्या मंकी हिलच्या आसपासचा घाट करतो आहे. बोर्ड ६ बाय ३ फूट, १२ मिमी प्लाय. रूळ बसले, गाडी नीट धावते. आता डोंगर, बोगदा आणि धबधबा. थर्माकोलवर स्प्रे मारला की खड्डे पडतात, पीओपीचा कातळ मातीच्या ढिगासारखा दिसतो आणि खडीवर फेव्हिकॉलचं पाणी सोडलं की दाणे तरंगत रुळांखालच्या स्लीपरवर येतात. काय बदलू?

मखरवाला:
स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं, रबरी गोंदही खातो. फेव्हिकॉल आणि पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंगच वापरा. थर्माकोलचा ढोबळ आकार कापून झाला की औषधांच्या दुकानातलं पीओपी बँडेज ओलं करून दोन थर द्या, दुसरा पहिल्याला आडवा.

कातळाचं दुखणं रंगात नाही, आकारात आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. उभा कडा, मग अरुंद गवताळ पायरी, पुन्हा कडा. आणि या पायऱ्या सगळ्या डोंगरभर एकाच पातळीत हव्यात. फॉइल चुरगळून अर्धवट उलगडा. २ भाग पीओपी १ भाग पाण्यात सोडा, फॉइलवर ओता, घट्ट व्हायला लागलं की फॉइलसकट डोंगरावर दाबून धरा. कडक झाल्यावर फॉइल सोला. निव्वळ काळा रंग लावू नका. राखाडी-तपकिरी रंग दहापट पाण्यात पातळ करून दोन-तीन हात द्या, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट राखाडी. सध्याच्या पावसात पीओपी आतपर्यंत सुकायला तीन-चार दिवस द्या, नाहीतर रंगाखाली बुरशी धरते. उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवा लागलेली नीट घट्टच होत नाही.

खडीफोड:
कोरड्या खडीत पाणी शिरत नाही, थेंब दाण्यांना उचलतो. म्हणून गोंदाआधी खडी पूर्ण भिजवा: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान, बारीक फवारा, लांबून. मग १ भाग फेव्हिकॉल, ३ भाग पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. सिरिंजने दोन रुळांच्या मधोमध सोडा. रात्रभर हात लावू नका. पॉइंटच्या (रूळ बदलायच्या सांध्याच्या) हलत्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको.

खडीसाठी क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ०.५ ते १ मिमी चाळून धुऊन घ्या, आणि सुकल्यावर चुंबक फिरवाच. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. ते दाणे इंजिनाच्या मोटरकडे ओढले जातात आणि गिअर खातात.

पळसदरी:
धबधबा जागेवर करू नका. पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकच्या कागदावर पसरून टूथपिकने उभ्या रेघा ओढा, २४ तासांनी सोलून वर-खाली सिलिकॉनच्याच ठिपक्यांनी चिकटवा. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, रुळांजवळ ते नको. फेसाला कोरड्या ब्रशने पांढरा.

धबधबा म्हणजे पावसाळा, तेव्हा उन्हाळी पिवळं गवत कुठेच ठेवू नका. १२ मीटरचं झाड मापात जेमतेम १४ सेंमी भरतं. वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून खोड करा.

डोंबिवली_फास्ट:
आभार! बोगदा वळणावर आहे. तोंड किती रुंद ठेवू?

खडीफोड:
आकडा विचारू नका, मोजा. एलएचबी (नव्या बनावटीचा लांब प्रवासी) डबा मापात २७ सेंमी. वळणावर त्याचं पोट आत येतं, टोकं बाहेर जातात. डब्याच्या मध्यावर आतल्या बाजूने आणि दोन्ही टोकांना बाहेरून पेन्सिल चिकटवा, हाताने ढकला, बोर्डावर उमटलेल्या रेघांपलीकडे ५ मिमी सोडा. उंची इंजिनाच्या छतावरचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) उभा करून मोजा. डोंगराच्या मागच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी ठेवा, आणि बोगद्याच्या आत रुळाचा जोड शक्यतो येऊ देऊ नका.