मदत हवी आहे: कॅलेंडर ॲप सोडताना आवर्ती नोंदी दोनदा येतात
एकरकमी घेतलेलं कॅलेंडर ॲप आता दरमहा वर्गणी मागतंय, म्हणून सगळं कॅलडॅव्ह (कॅलेंडर सिंक करण्याची खुली पद्धत) सर्व्हरवर न्यायचंय. साध्या नोंदी आयसीएस फाईलमधून (कॅलेंडरच्या नोंदी निर्यात-आयात करायची फाईल) नीट येतात. घोळ आवर्ती नोंदींचा आहे. मालिकेतली एकच बैठक पुढे ढकलली असेल, तर तिचा यूआयडी (नोंदीचा ओळख-क्रमांक) मूळ मालिकेचाच राहतो, वेगळेपण फक्त रिकरन्स-आयडीच्या ओळीत (मालिकेतली कोणती बैठक बदलली, ते ती सांगते). नवं ॲप ती ओळ वाचतच नाही, त्यामुळे बैठक जुन्या आणि नव्या, दोन्ही वेळांना दिसते. रद्द केलेल्या तारखा मात्र एक्सडेटमुळे (वगळायच्या तारखांची ओळ) बरोबर गळतात. (लिंकने सबस्क्राइब करा, असं कृपया नको, तसं कॅलेंडर फक्त वाचता येतं.) आयात करण्याआधी अशा नोंदी वेगळ्या काढणारी स्क्रिप्ट, किंवा रिकरन्स-आयडी पाळणारं बिनवर्गणीचं ॲप कुणाला माहीत आहे का?